सातभाईंचं रक्त पाहिलं तो हिवाळा

बगिचा ताणावर सोडला की काही दिवसांत त्याचा आवाज बदलतो. एरवी वारा आला तरी संत्र्याची झाडं फार बोलत नाहीत. पान जाड असतं, ओलं असतं, ते नुसतं हलतं. पाणी बंद झालं की तेच पान कडेनं वळायला लागतं, पिवळसर पडतं, आणि मग वाऱ्यासरशी सगळा बगिचा कागदासारखा वाजतो. माती भेगाळते. गळलेली पानं पायाखाली कुरकुरतात. आमच्या पांढुर्ण्याकडचं माणूस डोळे मिटून बगिच्यातून चाललं तरी सांगेल की हे ताणाचे दिवस आहेत.

बाहेरच्या माणसाला हे क्रूर वाटतं. पण संत्र्याला पोटभर पाणी मिळत राहिलं तर ते नुसती पानं काढतं. त्याला फुलवायचं तर आधी तहानेनं जेरीस आणावं लागतं. मार्गशीर्षात पाणी तोडायचं, संक्रांत झाली की पुन्हा सोडायचं. मग झाड धास्तावल्यासारखं अंगभर फुलतं. त्याला आंबिया बहार म्हणतात. ताण जास्त झाला तर झाड वाळतं, कमी पडला तर फुलत नाही. किती पुरे, हे आधी माझे सासरे ठरवत, मग नवरा, आता मुलगा प्रमोद ठरवतो. मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेले नाही.

यंदाचं पाणी नुकतंच बंद झालं. काल मेघनाचा नागपूरहून फोन आला. रामराम नाही, तब्येत नाही, एकदम विचारलं, "आजी, ताण सुरू झाला का?" आता ती सगळ्यात आधी हेच विचारते. पहिल्या वर्षी तिला हे विचारायचं सुचलं नव्हतं आणि आम्हाला सांगायचं सुचलं नव्हतं. त्यापायी आमच्या घरानं एक हिवाळा असा काढला की तो अजून अंगात आहे. पानं वाजायला लागली की वर येतो.

मेघना पक्ष्यांची डॉक्टर. पिंजऱ्यातल्या पोपटांची नाही, रानातल्या पक्ष्यांची. त्यांचं रक्त तपासून ते धड आहेत की नाहीत हे पाहण्याचं तिचं काम. पहिल्यांदा आली तेव्हा सोबत जंगलखात्याचा नाकेदार होता, परवानगीचा कागद घेऊन. कागद हिंदीत, कारण आमचा भाग मध्य प्रदेशात येतो. नाकेदाराचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आमच्याकडे असतं तसं.

"आजी, मॅडमले तुमच्या बगिच्यातले सातभाई पाह्यजेत," तो म्हणाला.

"घेऊन जा म्हणा. सगळेच न्या. पहाटपासून झोपू देत नाहीत."

"न्याचे नाहीत जी. सुई टोचून सोडून द्याचे हायेत."

"सुई टोचाले माणसं कमी पडले का?"

मेघना हसली. हसणारी बाई मला पटकन आवडत नाही, पण ही हसून झाल्यावर लगेच कामाचं बोलली. प्रमोदला तिनं चार गोष्टी विचारल्या. बगिचा किती जुना, फवारणी कधी झाली, कुत्री-मांजरं आहेत का. शेवटी विचारलं, "पाण्याची सोय आहे ना इथं?"

"विहीर भरून हाये मॅडम," प्रमोद म्हणाला. "पाण्याले काही कमी नाही आपल्याकडे."

यात खोटं काही नव्हतं. विहीर भरलेलीच होती.

सातभाई ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. मळक्या रंगाचा, साळुंकीएवढा पक्षी. डोळे पांढरट, सदा रागावल्यासारखे. एकटा कधी दिसत नाही. पाच-सात-दहा जण मिळून झाडाखाली उड्या मारत पाला उलटापालटा करतात, किडे खातात आणि सतत भांडतात. हिंदीवाले त्यांना सातबहिणी म्हणतात. भाऊ असोत की बहिणी, कालवा तोच. त्यांचं मला कधी कौतुक नव्हतं. मोर पाहायला लोक थांबतात, सातभाई पाहायला कोणी थांबत नाही. मेघनाला मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, म्हणूनच मला हे हवेत. हे आपली जागा सोडून लांब जात नाहीत. जिथं जन्मले तिथलंच खातात, तिथलंच पितात. त्यामुळे त्या जागेत जे काही बरंवाईट असेल ते त्यांच्या रक्तात उतरतं.

सकाळी धुकं असायचं. तिगावकडून जाणारी रेल्वेगाडी दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. दोन बांबूंना बांधलेली काळी जाळी इतकी बारीक की मीच एकदा तिच्यात डोकं घातलं. नाकेदार म्हणाला, "आजी सापडली मॅडम, वजन करा." सातभाई अडकला की आरडाओरडा करायचा आणि बाकीचे पळून जायच्या ऐवजी जाळीवर धावून यायचे, मेघनाच्या डोक्यावरून झेपा घ्यायचे. तेवढं मात्र मला आवडलं. माणसांत कोणाला पोलीस धरून नेतात तेव्हा मागं कोण धावतं ते मी पाहिलेलं आहे.

ती पक्षी सोडवून कापडी पिशवीत घालायची. अंधारात तो गप्प होतो. मग पंख अलगद उघडून, आतल्या बाजूची निळी शीर ओल्या कापसानं पुसून, अगदी बारीक सुई टोचायची. थेंब वर आला की काचेची काडीसारखी नळी त्याला लावायची. रक्त आपोआप नळीत चढायचं. कापूस दाबून धरायचा, पायात बारीक कडं घालायचं, सोडून द्यायचं. पक्षी समोरच्या झाडावर बसून शिव्या दिल्यासारखा ओरडायचा.

"दिसाले तर चांगला हट्टाकट्टा हाये," मी म्हटलं. "याचं रक्त काहाले काढतं तू?"

"आजी, रानातला पक्षी आजारी असला तरी आजारी दिसत नाही. दिसला तर दुसरं कोणी त्याला खाऊन टाकतं. म्हणून तो शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखा वावरतो. रक्ताला मात्र सोंग करता येत नाही."

हे मी कितीदा तरी मनात घोळवलं. आमच्या घरात सोंग न करता आजारी पडलेली बाई मी पाहिली नाही. मी स्वतः अंगात ताप घेऊन कापूस वेचला आहे, आणि तो पराक्रम नव्हता. कोणी विचारलं नाही, एवढंच. माझी आई खालची पापणी ओढून आतला रंग पाहायची. पांढरट दिसला की गूळ-शेंगदाणे हातावर ठेवायची. तिची तपासणी तेवढीच, आणि औषधही तेवढंच.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात पापणी पाहण्यासारखी होती ती वर्षा, माझी सून. मोहगावची. पोटुशी होती, सहावा लागलेला. याआधी दोनदा तिला दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा पोर टिकलं नाही. पहिल्या वेळी सगळे म्हणाले, होतं असं. दुसऱ्या वेळी कोणी काही म्हणालं नाही. सौंसरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या, कारण सापडलं नाही. या वेळी दर थोड्या दिवसांनी आम्ही सौंसरच्या बसमध्ये बसायचो. खिडकीबाहेर कापसाची पऱ्हाटी, मग संत्र्याचे बगिचे, मग पुन्हा पऱ्हाटी. लॅबमधला माणूस तिच्या दंडाला रबर बांधायचा. ती सुईकडे न पाहता भिंतीकडे पाहायची. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या घेतल्या का असं मी विचारलं की म्हणायची, "घेतल्या जी आई, मोजून पाहा पाहिजे तर." आमचं दोघींचं बोलणं एवढंच असायचं. भीती दोघींना होती, ती कोणी बाहेर काढत नव्हतं.

तर घरात दोन रक्तं तपासायला जात होती. एक सौंसरला, एक नागपूरला.

मेघना आमच्या ओसरीवर छोटं यंत्र लावायची. नळ्या त्यात ठेवल्या की ते गरगर फिरायचं, आणि थांबलं की लाल खाली बसलेलं असायचं आणि वर पिवळं, निवळलेल्या तुपासारखं. त्या पिवळ्यात सगळं असतं म्हणे. साखर किती, प्रथिनं किती, काळीज कसं चाललंय, मूत्रपिंड कसं चाललंय. वर्षा भिंतीला टेकून पाहत राहायची.

"माह्या रिपोर्टात बी हेच राहते ना मॅडम?" तिनं एकदा विचारलं.

"बरंचसं हेच. पण तुमचा रिपोर्ट वाचायला सोपा आहे. निरोगी बाईचं रक्त कसं असतं हे डॉक्टरांना माहीत आहे. निरोगी सातभाईचं कसं असतं हे नीट कुठं लिहिलेलंच नाही. ते आधी शोधायचं, मग आजारी कोण ते कळणार."

मी शेंगा सोलत होते.  आमच्याकडे माणूस पडलं की चार लोक भेटायला येतात. धड असलेल्या माणसाकडे कोण पाहतं? धड असणं म्हणजे काय, हे मलाही सांगता आलं नसतं.

काही दिवसांनी मेघना निकाल घेऊन आली. त्या दिवशी ती हसली नाही. सौंसरकडच्या कापसाच्या शेतातले सातभाई आणि जंगलाच्या कडेचे सातभाई एकमेकांशी जुळत होते. आमच्या बगिच्यातले जुळत नव्हते. रक्त दाट झालेलं, युरिक ॲसिड फार वर. माणूस लघवीतून जे बाहेर टाकतो ते पक्षी या रूपात टाकतात, ती म्हणाली. ते रक्तात साठलंय म्हणजे मूत्रपिंडावर जोर पडतोय.

"कशानं?" प्रमोदनं विचारलं.

"एवढ्यावरून सांगता येणार नाही. एखादा आजार असेल. फवारणीच्या औषधाचं काही असेल, त्याची तपासणी वेगळी आहे, तिला वेळ लागेल. पाण्यात काही असेल."

वर्षा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "पाणी तर आम्ही बी तेच पितो."

कोणी चहाला हात लावला नाही.

मी आयुष्यात बऱ्याच वाईट बातम्या ऐकल्या आहेत. त्या रडारडीसकट येतात, त्यामुळे त्यांचं काय करायचं ते माहीत असतं. ही बातमी तशी नव्हती. काही झालेलं नव्हतं. झाडं जागेवर, विहीर जागेवर, सातभाई नेहमीसारखे भांडत होते. फक्त त्यांच्या रक्तात काहीतरी होतं, आणि वर्षाच्या दोन वेळा मला आठवत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रमोद पांढुर्ण्याहून तिच्यासाठी पाण्याची कॅन आणायला लागला. शेजारचा भाऊराव, त्याचा बगिचा आमच्या बांधाला लागून, तो कॅन पाहून म्हणाला, "काय रे प्रमोद, विहीर इकली का? पाखराचं रक्त पाहून तुम्ही पाणी बदलवून राहिले. उद्या घुबड बोललं तर घर बदलवसान."  प्रमोदनं राग घरी येऊन काढला.

"त्या मॅडमले आता येऊ देऊ नका. गावात झालं ना, का यांच्या बगिच्यात जहर हाये, तर व्यापारी माल पाहाले येणार नाही."

"येईन ते मॅडम," मी म्हटलं. "अर्धं सांगून गेलेलं माणूस मले चालत नाही. पुरं सांगू दे, मग पाहू."

"पुरं सांगितलं आन् ते वाईट निघालं तं?"

"तं वाईट हाये हे समजन. आता का समजून राह्यलं तुले?"

वर्षाला मी म्हटलं, "तू मोहगावले जाय. तसंही बाळंतपणाले जाचंच हाये. आताच जाय."

ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "मोहगावले काय वेगळं औषध मारून राह्यले आई? माह्या बाबाच्या वावरात बी तेच डबे पडून राहतात. मी जाऊ कुठं?"

 भाकरी तिनं त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठी थापली आणि सगळी खाल्ली. मी तिच्याकडे पाहतेय हे तिला माहीत होतं.

त्या दिवसांतलं ऊन आठवतं. हिवाळ्याचं ऊन लोकांना आवडतं. मला ते कोरडं, चुरचुरणारं वाटायचं. ओठ फुटायचे. झाडांच्या खोडांना बोर्डोचा, मोरचूद-चुन्याचा, निळसर लेप दिलेला, वर पिवळी वळलेली पानं. सगळा बगिचाच आजारी दिसायचा, आणि आम्हाला त्यात काही वाटायचं नाही, कारण तो आजार आम्ही स्वतः दिलेला होता, त्याचं औषध ठरलेलं होतं, आणि दर वर्षी तो बरा व्हायचा.

मेघना विहिरीचं पाणी बाटलीत भरायला आली. विहिरीवर पाला पडू नये म्हणून आम्ही जाळी टाकतो, ती प्रमोदनं बाजूला केली. परत येताना तिला झाडांना गुंडाळून बांधून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या दिसल्या.

"हे पाईप असे का बांधलेत?"

"ताण चालू हाये ना," प्रमोद म्हणाला.

"ताण म्हणजे?"

त्यानं सांगितलं. जसं मी वर सांगितलं तसंच, फक्त थोडक्यात आणि तुसडेपणानं. मग मी सासऱ्यांचा नियम सांगितला. ताणात बगिच्यात पाण्याचा थेंब न्यायचा नाही. हात धुवायचा नाही, चूळ भरायची नाही. बायकांनी पाण्याची भांडी घेऊन बांधावरून वळसा घालून जायचं, मधून नाही. गुरांची टाकीसुद्धा उपडी करून ठेवायची, पाझरली तर कडेची झाडं फुलायची नाहीत. सासरे जाऊन किती वर्षं झाली, नियम तसाच आहे.

मेघना बांधावर बसली. "आणि आजूबाजूचे बगिचे?"

"सगळेच ताणावर. सगळ्यांचा आंबिया एकाच वेळी."

"आणि नाला?"

"तो दिवाळीलेच आटते."

तिनं भेगाळलेल्या मातीवर हात ठेवून पाहिलं. मग म्हणाली, "मी पाण्याची सोय आहे का विचारलं. तुम्ही विहीर दाखवली. मी मान हलवली." तिनं आमच्याकडे पाहिलं. "तुम्ही झाडांना तहान लावता. त्यांच्याखाली राहणाऱ्यांनाही ती लागत असेल. एरवी या नळ्यांतून गळणारं पाणीच ते पीत असणार. रक्त दाट होणं, युरिक ॲसिड चढणं, नुसत्या तहानेनंही होऊ शकतं."

"म्हणजे जहर नाही?" प्रमोद.

"तसं मी म्हणत नाही. तहान असेल तर पाणी सोडल्यावर रक्त ताळ्यावर येईल. नाही आलं तर दुसरं काही शोधू. पाणी कधी सोडणार?"

"संक्रांत होऊ द्या."

"मग तोवर थांबायचं."

आम्ही सगळे त्या बगिच्यात राहणारे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ताण पाहते आहे. सातभाई रोज पाहते आहे. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवाव्यात हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या लेखी ताण म्हणजे पाणी नसणं नव्हतंच. ते शेतीचं काम होतं, वखरणीसारखं. जे काम आपणच करतो त्याचा कोणाला त्रास होत असेल असं सहसा वाटत नाही. ही काही मोठी गोष्ट मी सांगत नाही, घराघरांत असंच चालतं.

मग थांबणं आलं. वर्षा कॅनचं पाणी प्यायची, मी विहिरीचं. प्रमोद रोज पान मुडपून पाहायचा आणि नुसता निघून जायचा. एक दिवस मी त्याला म्हटलं, "औंदा थोडं लवकर सोड." तो म्हणाला, "लवकर सोडलं तर बहार फसते आई." मी म्हटलं, "फसू दे." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घरातलं कोणी नाही. पण संक्रांतीच्या सकाळीच त्यानं मोटर सुरू केली, दुसरा दिवस उजाडू दिला नाही.

पाणी सुटताना नळ्या आधी हवा ओकतात, खोकल्यासारखा आवाज करतात, मग पहिली ओल दिसते. भेगांतून पाणी आत जातं तेव्हा माती खरंच हुंकारते. सातभाई त्या दिवशी भांडत नव्हते. रांगेनं येऊन नळीच्या तोंडाशी माना तिरक्या करून थेंब घेत होते. एक पिऊन झाला की दुसरा. मी खाटेवर बसून पाहिलं. वर्षाही येऊन बसली.  थोड्या वेळानं तिनं माझा हात घेतला आणि पोटावर ठेवला. आत पोर पाय झाडत होतं. मी हात तसाच ठेवला, काढायचा कधी ते मला कळलं नाही.

काही दिवसांत झाडांना नवती फुटली, कोवळी, चकचकीत, पोपटी. मग कळ्या. मग एक दिवस सकाळी दार उघडलं आणि वास घरात आला. संत्र्याच्या फुलांचा वास मला गोड कमी आणि तुरट जास्त वाटतो. चहालाही तोच वास यायचा. मधमाश्यांचा आवाज इतका की फोनवर बोलताना समोरच्याला वाटायचं आमच्याकडे गिरणी चालू आहे.

मेघनानं पुन्हा जाळी लावली. पायात कडं असलेले तेच पक्षी पुन्हा सापडले आणि पुन्हा तेवढ्याच शिव्या देऊन गेले. निकालाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. वर्षानं तो उचलला. "हाव. हाव मॅडम," एवढंच म्हणत होती. फोन ठेवला आणि म्हणाली, "उतरलं. सगळ्यायचं उतरलं. तहानच होती म्हणते. विहिरीचं पाणी बी चांगलं हाये."

मी भाजी खाली ठेवली. मग विचारलं, "आन् औषधाचं?"

"रक्तात आता काही दिसून नाही राह्यलं म्हणते." ती भाजीपाशी बसली. "पण आपण पावसाळ्यापासून मारलंच नाही. मारल्यावर काय होते ते माहीत नाही म्हणते."

हेच मला मेघनाचं आवडतं. दुसरी कोणी असती तर तिनं पहिल्या वाक्यावर फोन ठेवला असता.

नवतीवर कोळशी येते. काळी माशी, तिच्यामागून काळी बुरशी, पानं काजळी धरल्यासारखी होतात, फळही काळं पडतं. म्हणून फुटीवर फवारणी ठरलेली. प्रमोदनं ड्रम धुतला, पंप काढला, लाल त्रिकोणाची बाटली कोनाड्यातून खाली घेतली. वर्षा अंगणात येऊन उभी राहिली.

"औंदा मारू नका."

"अन् कोळशी आली तर? खाशीन काय?"

"दोन्ही खेपेले फवारणीच चालू होती," वर्षा म्हणाली.

प्रमोदच्या हातात बाटली तशीच राहिली. हे वाक्य आमच्या घरात तिघांच्याही मनात होतं आणि ते आजवर कोणी तोंडातून काढलं नव्हतं. मी मेघनाला फोन लावला. सरळ विचारलं, हिची पोरं औषधापायी गेली का. ती म्हणाली, "आजी, मला माहीत नाही. पक्ष्याच्या रक्तावरून बाईचं सांगता येत नाही. पण पोटुशी बाई फवारणीजवळ नसावी, हे सांगायला मला पक्ष्याचं रक्त लागत नाही."

मी ते जसंच्या तसं प्रमोदला सांगितलं. त्यानं बाटली कोनाड्यात ठेवली आणि निंबोळीचं तेल आणायला पांढुर्ण्याला गेला. त्या वर्षी कोळशी आली. सगळीकडे नाही, नाल्याकडच्या बाजूला आली. त्या झाडांच्या फांद्या त्यानं छाटल्या, काही फळं काळी निघाली, ती पुसून स्वस्तात गेली. भाऊरावानं बोलायची संधी सोडली नाही. "तुह्या सातभाईयले सांग ना कोळशी खाऊन घ्या म्हणा." प्रमोद म्हणाला, "सांगितलं. ते म्हणते आधी भाऊरावकडची खातो."

आता प्रमोद कधी औषध मारतो, कधी नाही. मारायचं तर फक्त लागलेल्या झाडांवर, आणि आधी मेघनाला कळवून. ती आधी रक्त घेते, नंतर घेते. औषधानंतर पक्ष्यांच्या रक्तातलं काहीतरी खाली जातं आणि काही दिवसांनी पुन्हा वर येतं, असं ती सांगते. वर येतं हे ऐकून मला बरं वाटतं. खाली जातं हे ती लपवत नाही, तेही बरं वाटतं. ताणात बगिच्याच्या बाहेर, मुळ्या पोचत नाहीत तिथं, आम्ही एक पसरट टाकं भरून ठेवतो. बहार काही फसली नाही. भाऊरावानंही त्याच्या बाजूला एक ठेवलं आहे. त्याच्या म्हशीसाठी, असं तो म्हणतो. त्याच्याकडे म्हैस नाही.

वर्षा सौंसरला बाळंत झाली, वैशाखाच्या तोंडावर, लाही लाही होत होती तेव्हा. मोहगावला ती गेलीच नाही. तिची आईच इकडे आली. मुलगी झाली. दिवस भरलेली, काळीसावळी, डोक्यावर भरपूर जावळ. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे जरा पिवळे दिसले, म्हणून नर्स रक्त घ्यायला आली. टाच पुसली, सुई टोचली आणि बारीक नळी थेंबाला लावली. वर्षानं या वेळी भिंतीकडे पाहिलं नाही, नळी भरेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिली. पोरीनं असं भोकाड पसरलं की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून आत डोकावली. नर्स घाबरून म्हणाली, "अम्मा, ज़रा पकड़ो बच्ची को, रिपोर्ट शाम तक आएगी."

"आणा तुमचा रिपोर्ट," मी म्हटलं. "अंगात रक्त चांगलं असल्याबिगर कोणी एवढं वरडत नाही."

संध्याकाळी रिपोर्ट आला. मी म्हटलं तसाच होता.